लेक वाचवा, प्लॉट नंबर तीन

१० नोव्हेंबर, सकाळी साडेसहा

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ग्रेस म्हणायच्या की मनातलं कागदावर उतरवलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं मे महिन्यापर्यंत करायचं आहे.

काम असं, की आपलं लेक स्वच्छ करायचं.

आज व्हरांड्यातून पाहिलं तर समोरचं पाणी वाटाण्याच्या सुपासारखं दिसलं. काठाला हिरवी साय. वासही येतो, पण वारा तिकडून असला तरच. लहानपणी बाबा पाटबंधारे खात्यात होते आणि भाटघरला याच धरणाच्या पायथ्याशी आमचं क्वार्टर होतं. सुट्टीत होस्टेलवरून आले की बाबा खात्याच्या होडीतून फिरवायचे. पाण्यात हात घातला तर बोटावरचा शाईचा डागसुद्धा दिसायचा. मला ते पाणी परत हवं आहे. मे महिन्यात माझी मुलगी शेफाली तिच्या छोटीला घेऊन येणार आहे. माझ्या नातीला मी याच पाण्यात पोहायला शिकवणार.

माझ्या नवऱ्याने, अजितने लावलेलं लॉन सोडलं, तर इथे डोळ्याला बरं वाटावं असं आता फारसं काही नाही. अजितला जाऊन चार वर्षं होतील. लॉन मात्र तसंच आहे, मी ठेवलंय.

फुलाबाई भांडी घासता घासता म्हणाली की वाडीच्या विहिरीलाही वास मारायला लागलाय. बंगला बांधला तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. तिची वाडी आमच्या प्लॉटच्या खालच्या अंगाला, उतारावर, आणि वाडीची विहीर अगदी पाण्याला लागून. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी लक्ष घातलं आहे. ती म्हणाली, घाला बाई.

१२ नोव्हेंबर

मोहिमेला नाव हवं. दुपार त्यात गेली. 'धरण वाचवा' म्हटलं तर लोकांना वाटेल भिंतीला तडा गेलाय. गावात या पसरलेल्या पाण्याला फुगवटा म्हणतात, पण 'फुगवटा वाचवा' हे पोटाच्या तक्रारीसारखं वाटतं. 'जलाशय' हा बाबांच्या फायलीतला शब्द. शेवटी इथे बंगल्यांमध्ये सगळे जे म्हणतात तेच घेतलं. प्लॉट घेतला तेव्हा जाहिरातीतसुद्धा 'लेक-टच' असंच होतं.

'लेक वाचवा.' दोनच शब्द. लहान मुलालाही कळेल.

भोरच्या बाजीराव पेंटरला फोन केला. त्यांनी विचारलं, शाळेसाठी का पंचायतीसाठी. मी म्हटलं, सगळ्यांसाठी. ते म्हणाले, चित्राचं तुम्ही सांगू नका म्याडम, आमचं ठरलेलं हाय, वर्षाला चार-पाच करतोच आपण. तालुक्यात एवढी जागृती आहे हे मला माहीतच नव्हतं. फार बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर

टेम्पोतून बोर्ड आला. दोन वेण्या, पाठीला दप्तर, मागे उगवता सूर्य, खाली 'लेक वाचवा'. पाण्याचा थेंब नाही.

बाजीरावांना फोन करून म्हटलं, पाणी कुठे आहे? ते म्हणाले, पाणी कशाला? पाळणा काढतात कुणी कुणी, पाणी कुणी काढत न्हाई. मी आग्रह धरला. दुपारी स्वतः येऊन त्यांनी मुलीच्या पायाखाली निळा पट्टा ओढून दिला. आता ती पुरात उभी असल्यासारखी दिसते आणि तरी हसते. असू दे. चेहरा गोड आहे. शेफाली पाचवीत अशीच होती.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ

पहिली सभा, आमच्या लॉनवर. अपेक्षेपेक्षा फार मोठा प्रतिसाद.

पाच बंगल्यांपैकी तीन शनिवार-रविवारीसुद्धा क्वचित उघडतात. प्लॉट चारचे आनंदराव आले. ते बँकेतून रिटायर झालेले, अजितचे मित्र. पण वाडीतून मात्र सगळ्या बायका आल्या. आपापल्या मुली घेऊन. मुलींच्या डोक्याला तेल, अंगावर इस्त्रीचे युनिफॉर्म. आरोग्यकेंद्राच्या आशाताई वजनकाटाही घेऊन आल्या होत्या. तो कशाला, हे मी विचारलं नाही. उत्साहाला प्रश्न विचारू नयेत.

मी बोलायला उभी राहिले. म्हटलं, आपल्या डोळ्यांदेखत लेकचा जीव जातो आहे आणि आपण गप्प बसलो आहोत. पुढे बसलेल्या साळूबाईंनी पदर डोळ्याला लावला. म्हटलं, लेक म्हणजे एकट्यादुकट्याची जबाबदारी नसते, सगळ्या गावाची असते. टाळ्या. माझ्या बोलण्याला इतक्या टाळ्या कॉलेजच्या निरोपसमारंभानंतर आजच. मग मी म्हटलं, म्हणून आजपासून कुणीही लेकमध्ये कपडे धुवायचे नाहीत, आणि म्हशी तर मुळीच घालायच्या नाहीत.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

आनंदरावांना चहाचा ठसका लागला. तो बराच वेळ थांबेना. मग त्यांनी बायकांना समजावून सांगितलं की वहिनी इंग्रजीतून बोलत आहेत, लेक म्हणजे हे समोरचं पाणी. साळूबाई म्हणाल्या, आसं व्हय, मला वाटलं कुणाची पोर बुडाली. आशाताईंनी काटा परत पिशवीत घातला.

मला कळेना हसावं की काय करावं. पण फुलाबाई उठली. तिची नात वैष्णवी शेजारी उभी होती, बारावी सायन्सला आहे, भोरच्या कॉलेजात. नर्स व्हायचं आहे तिला. फुलाबाई म्हणाली, दोन्ही येकच हाय बाई. पोरीच्या आईची कंबर धरलीया, माझं गुडगं गेलं. घरातलं पानी ही पोर भरती. विहीर हाय तवर ठीक. विहीर नासली की वड्याला जावं लागंल, आन् मग साडेसहाची यष्टी काय तिच्यासाठी थांबत न्हाई. पानी वाचलं तर आमची पोर वाचंल, तेवडं बगा.

भावनाप्रधान पण विषयांतर. पुढच्या सभेत लेकवरच लक्ष केंद्रित ठेवायचं.

तरी एक चांगलं झालं. चपला लॉनच्या बाहेर काढा म्हटलं तर सगळ्यांनी काढल्या. हे लोक ऐकतात. सांगणारं हवं.

१ डिसेंबर

शेफालीने परदेशातल्या एका लेकच्या रहिवाशांची नियमावली पाठवली. काय शिस्त आहे. वाचून दाखवली तेव्हा फुलाबाईही ऐकत होती. काठाला थोडा पट्टा गवत-झुडपांना सोडायचा, म्हणजे उतारावरून येणारं पाणी गाळून जातं. लॉनला खत घालायचं नाही. सेप्टिक टँक दर तीन वर्षांनी उपसून घ्यायचा. साबण बेताचा. गाडी काठावर धुवायची नाही.

माझी प्रगती. गाडी मी विकलेली आहे. म्हणजे एक नियम पहिल्याच दिवशी पूर्ण.

काठाची झुडपं: इथे लव्हाळा आणि निरगुडी होती, ती अजितने काढली, व्हरांड्यातून थेट पाणी दिसावं म्हणून. शेवटच्या आजारात तो तिथेच बसायचा, पाण्याकडे बघत. तिथे मी पुन्हा झुडपं लावू शकत नाही. नियम करणाऱ्यांना हे कसं कळणार.

खत: मी पंधरा-पंधरा-पंधरा घालते. तिन्ही आकडे सारखे, म्हणजे संतुलित. नियम असंतुलित खतांसाठी असावा.

साबण: उद्यापासून रिठे.

४ डिसेंबर

रिठ्यांनी पांढऱ्या चादरी चहाच्या रंगाच्या झाल्या. फुलाबाई म्हणाली, आमी लई गरीब हुतो तवा रिठं वापरायचो. पावडर पुन्हा सुरू, पण निम्मी. फुलाबाईने मूठभर जास्त टाकली, ते मी पाहिलं नाही.

९ डिसेंबर

म्हशींच्या प्रश्नावर गेनबांशी चर्चा. गेनबा फुलाबाईचे दीर, वाडीतले सर्वांत मोठे म्हशीवाले. मी अगदी शांतपणे, मान ठेवून सांगितलं की म्हशींमुळे पाणी खराब होतंय. गेनबांनी तंबाखू मळून होईपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, म्याडम, म्हस धरणाच्या आदीपासून पान्यात बसतीया. माझ्या आज्याची बसायची. तवा पानी न्हाई नासलं. म्हस काय पावडर लावून आंगुळ करती का तिला कमोड लागतोय?

शेजारी बसलेले दोघे हसले. मीही हसले, कारण विनोद चांगला होता. पण वैज्ञानिक मुद्दा त्यांना समजला नाही.

निश्चय: पुढच्या वेळी आकृती काढून न्यायची.

२० डिसेंबर

आनंदराव चहाला आले. मी फ्रिजवर चिकटवलेली नियमावली दाखवली. ते म्हणाले, वहिनी, सेप्टिकवर तुम्ही टिकमार्क नाही केलेला. मी म्हटलं, आमचा टँक अजितने स्वतः उभं राहून बांधून घेतलाय. ते म्हणाले, टाकी उत्तम असेल हो, पण शोषखड्डा कुठाय? पाचही बंगल्यांना बिल्डरने नुसता पाईप दिलाय, उताराला सोडून. आणि उताराला काय आहे ते तुमच्या फुलाबाईला विचारा. वर तुमची टाकी नऊ वर्षांत एकदाही उपसलेली नाही.

मी विचारलं, मग तुमची? ते म्हणाले, मी आठवड्यातून दोन दिवस असतो. माझं प्रदूषण वीकेंडचं.

उपसायची गाडी शिरवळहून येते म्हणे. पण टाकी मागे, काठाजवळ. गाडी लॉनवरूनच न्यावी लागेल.

हे लॉन अजितने गुडघ्यावर बसून, दोरी लावून, तुकडा तुकडा जोडून अंथरलं. मी छत्री धरून उभी होते. एवढं मोठं धूड त्यावरून जाणार, हे मी आनंदरावांसमोर ऐकून घेतलं, पण ते गेल्यावर बराच वेळ बाहेर उभी राहिले.

थंडीत गवताची मुळं नाजूक असतात. हे काम थंडी संपल्यावर करणं शास्त्रीयदृष्ट्या योग्य.

फुलाबाई टाकीला सेफ्टीची टाकी म्हणते. मी दुरुस्त केलं, सेप्टिक. ती म्हणाली, मंग तिच्यात सेफ्टी न्हाईच म्हना की.

४ जानेवारी

वाईट बातमी. वाडीत लहान मुलांना जुलाब. ग्रामपंचायतीची माणसं आली, पाणी बाटलीत भरून नेलं आणि विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाने 'पिण्यास अयोग्य' लिहून गेली. अक्षर अत्यंत ओबडधोबड. व्हरांड्यातून सरळ दिसतं.

वाडी आता ओढ्यावर जाते. ओढ्याच्या वाळूत खड्डा करून झिरपेल तेवढं वाटीने भरायचं. फुलाबाई दहाला आली. मी फक्त घड्याळाकडे पाहिलं, पण तिला जाणवलं असावं, कारण तिने लगेच भांडी ओढली.

या घटनेने मोहिमेची निकड अधोरेखित झाली आहे.

६ जानेवारी

फुलाबाई आणि साळूबाई दोघी आल्या, पायरीखाली उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. साळूबाईंनी विषय काढला. म्हणाल्या, तुमच्या बोरला पानी हाय. येक नळ कुंपणाच्या भायेर काढून द्या, पावसाळ्यापातूर. लाईट बिल वाडी भरंल.

मी विचार करायला वेळ घेतला आणि नाही म्हटलं. मन घट्ट करून. बोरचं पाणी लॉनपुरतंच आहे, हे तर झालंच, पण मुख्य मुद्दा तत्त्वाचा. असे तात्पुरते उपाय केले की मूळ प्रश्नाची धार जाते. विहीरच शुद्ध झाली पाहिजे. नळ दिला असता तर उद्या लेकसाठी कोण उभं राहिलं असतं?

हे मी त्यांना समजावून सांगितलं. साळूबाई म्हणाल्या, बरं. फुलाबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, चला आक्का.

वैष्णवीसाठी काहीतरी करावंसं वाटलं. तिला निरोप धाडला की रोज सकाळी सहाला ये, तुझं इंग्रजी पक्कं करून देते, नर्सिंगला लागतं. उलट निरोप आला की सहाला ती ओढ्यावर असते. वेळेचं नियोजन हा या मुलींचा खरा प्रश्न आहे.

१९ जानेवारी

आज मी ते केलं.

काल शेफालीने फोनवर विचारलं, स्मेल गेला का? आणि ते लाल अक्षर रोज समोर. मी सरळ आनंदरावांकडून नंबर घेतला. गाडीवाला हनुमंत अकराला आला. गाडी फाटकातून आत घेताना त्याने विचारलं, बाई, खालचं गवात? मी म्हटलं, जाऊ दे वरून. आवाज स्थिर होता माझा.

दोन चाकोऱ्या, घोट्याएवढ्या खोल, व्हरांड्यापासून काठापर्यंत. वळवताना कोपरा पूर्ण उखडला. मी आत जाऊन बसले. पंपाचा आवाज बराच वेळ येत होता. अजितच्या फोटोला म्हटलं, वाडीसाठी केलं रे. तुलाही पटलं असतं.

फुलाबाईने चाकोऱ्या पाहिल्या, मग टाकीचं झाकण पाहिलं. काहीही न सांगता तिने आल्याचा चहा केला आणि स्वतःचा कप घेऊन माझ्या शेजारी, पायरीवर बसली. बंगला बांधल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, लई केलंत बाई.

एवढं समाधान मला गेल्या कित्येक वर्षांत मिळालेलं नाही.

२० जानेवारी

फुलाबाई आली नाही. दुपारी गेनबा कुंपणापाशी आले. म्हणाले, म्याडम, तुमची गाडी काल वळणावर वड्यात उपडी झाली. मला वाटलं अपघात. म्हटलं, हनुमंत बरा आहे ना? ते म्हणाले, त्याला काय धाड भरलीया. नळी सोडली न् टाकी मोकळी करून गेला. वाडीचा खड्डा तितनं खाली हाय.

हनुमंतला फोन लावला. तो म्हणाला, बाई, न्यायची कुठं? शिरवळला घेत न्हाईत, भोरला घेत न्हाईत. सगळेच वड्याला सोडतात. तुमाला काय वाटलं, मी घरी नेतो?

मला काय वाटलं होतं, हे आठवून पाहिलं. मला काहीच वाटलं नव्हतं. गाडी फाटकाबाहेर गेली, एवढंच वाटलं होतं.

तरीही. नियमावलीत 'टँक उपसून घ्यावा' इतकंच आहे. पुढे काय, ते दिलेलं नाही. त्रुटी तिथे आहे. फ्रिजवर टिकमार्क केला. मग पेन्सिलने केला, पक्का नको म्हणून.

३ फेब्रुवारी

फुलाबाई कामावर येते, कमी बोलते. वाडी आता वरच्या रस्त्याच्या हापशावर जाते. तिथे सगळ्या वाड्यांची रांग. वैष्णवीची साडेसहाची एसटी रोज चुकते. प्रॅक्टिकलच्या दिवशीही चुकली. पुढच्या गाडीने गेली तेव्हा लॅबला कुलूप होतं. सरांनी सांगितलं, गैरहजर.

मी म्हटलं, मी सरांना इंग्रजीत पत्र लिहून देते. फुलाबाई म्हणाली, पत्रानं हंडा भरतूय का बाई.

थोडं लागलं मला ते. पण ती दमलेली आहे.

लॉनच्या चाकोऱ्यांत नवीन माती भरली. वर थोडं खत, मुळं धरायला.

८ मार्च

महिला दिन. भोरच्या एका महिला मंडळाने माझा सत्कार केला. त्यांनी रस्त्यावरून जाताना माझा बोर्ड पाहिला होता. शाल, श्रीफळ, आणि 'लेकींच्या रक्षणासाठी झटणाऱ्या माधुरीताई' असं छापलेलं स्मृतिचिन्ह. व्यासपीठावर गेल्यावर दुरुस्ती करावी असं एकदा मनात आलं. पण अध्यक्षबाई इतक्या मनापासून बोलत होत्या. शिवाय अर्थ व्यापक घेतला तर चूक काहीच नाही.

परतताना एसटीत वैष्णवीची आई भेटली. भोरला कापडखरेदीला आली होती. म्हटलं, परीक्षा कशी चाललीय पोरीची? ती म्हणाली, बसलीच न्हाई म्याडम. प्रॅक्टिकल ग्येलं, मंग काय करायचं बसून. जमवलंय तिचं. विंझरचं स्थळ हाय. अठराची झालीया की ती जानेवारीतच.

मी म्हटलं, इतकी हुशार मुलगी, आणि मुलगा काय शिकलाय? ती म्हणाली, धावी. खिडकीबाहेर बघत मग म्हणाली, पन नळ दारात हाय. चोवीस तास न्हाई, पन सकाळ-संध्याकाळ येतंय पानी.

स्थळात आमच्या वेळी बाकी खूप काय काय बघायचे. मी शालीची घडी करत राहिले. तिने शाल बोटांनी चाचपून पाहिली आणि म्हणाली, चांगली हाय. कशाबद्दल दिली?

मी म्हटलं, पाण्याच्या कामाबद्दल.

११ एप्रिल

खाली कालव्यांना पाणी सोडल्यामुळे लेक मागे गेलं आहे. आमच्यासमोर आता भेगा पडलेला गाळ आणि पलीकडे, खूप लांब, एक निळी रेघ. साय नाही. वास नाही. समोर घाण पाणी राहिलेलंच नाही. एका अर्थी मेपर्यंतचं उद्दिष्ट महिनाभर आधीच साध्य झालं.

शेफालीला फोटो पाठवला. तिचा फोन आला. आई, हे काय आहे? पाणी कुठंय? मी म्हटलं, दरवर्षी जातं, जूननंतर येतं. ती म्हणाली, मग पोहायचं कशात? शेफालीकडचे सगळे आता कूर्गला जात आहेत, रिसॉर्टला पूल आहे. तूही चल म्हणाली. मी म्हटलं, इथे मोहीम अर्धवट टाकून कशी येऊ.

मग ती म्हणाली, बरं आई, सनस्क्रीन लाव.

३ मे

वैष्णवीचं लग्न. वाडीत सपाट जागा नाही, म्हणून मांडव धरणाच्या कोरड्या तळावर घातला होता, जिथे नोव्हेंबरात माझं वाटाण्याचं सूप होतं, तिथेच. भेगाळलेल्या गाळावर ताडपत्री, तिच्यावर खुर्च्या. मला पुढे, सोफ्यावर बसवलं. आनंदरावही आले होते, दुपारी त्यांना पुण्याला परतायचं होतं.

आहेर म्हणून मी पितळेची घागर नेली होती, जुन्या वजनाची. भोरमध्ये हल्ली मिळत नाही, दोन दुकानं फिरले. फुलाबाईने ती दोन्ही हातांत घेतली, उलटी करून बघितली आणि हसायला लागली. खूप दिवसांनी हसली. म्हणाली, नळाच्या घरात घागर कशाला बाई? हिच्या पायी तर चाललीया पोर. शेजारच्या बायकाही हसल्या. साळूबाई म्हणाल्या, राहू दे गं, फुलं ठेवंल त्यात.

वैष्णवी पाया पडली. मी म्हटलं, सुखी राहा. अजूनही शिकता येईल हो, बाहेरून बस परीक्षेला. ती म्हणाली, व्हय म्याडम. मी विचारलं, नर्सिंगचं काय? ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली, जणू कुणा ओळखीच्या मुलीचं नाव मी घेतलं आणि तिला चेहरा आठवत नव्हता. मग फोटोवाल्याने तिला बोलावलं.

गाडी निघाली तेव्हा वैष्णवीची आई रडली. फुलाबाई रडली नाही. ती मांडवाच्या मागे पाण्याच्या टँकरवाल्याशी वाद घालत होती. त्याने ठरल्यापेक्षा कमी ओतलं होतं.

४ मे

निश्चय. पुढच्या वर्षी मोहीम सप्टेंबरपासूनच. काठाला झुडपं, पण बुटकी, दृश्य न अडवणारी. शोषखड्ड्यासाठी माणूस बघायचा, पावसाळा संपल्यावर. खत विचारपूर्वक. बोरच्या नळाबद्दलही विचार करायला हरकत नाही, पण आता गरज उरली आहे का ते आधी पाहू.

१४ मे, सकाळी सात

फुलाबाईने काम सोडलं. निरोप गेनबांकडून. वैष्णवी गेली, सुनेची कंबर तशीच, तेव्हा हापशावर आता फुलाबाईच जाते. दोन खेपांत सकाळ जाते, मग धुण्याभांड्याला ती कुठून येणार. गेनबा म्हणाले, दुसरी बघा म्याडम. मी म्हटलं, तिला सांगा, तिची जागा मी रिकामी ठेवीन. ते म्हणाले, ठेवा.

लॉनला पाणी मीच घातलं. चाकोऱ्या आता जवळजवळ दिसत नाहीत. उखडलेल्या कोपऱ्यातही पोपटी पातं आलंय, सकाळच्या उन्हात इतकं कोवळं दिसतं. कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. तेवढ्यात फुलाबाई कुंपणाबाहेरच्या वाटेने आली, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, एक गुडघा आखडून. मी हाक मारली. म्हटलं, फुलाबाई, बघ गं, धरलं ना पुन्हा?

ती थांबली. डोक्यावर हंडा होता म्हणून मान वळवता येईना, सबंध वळली. लॉनकडे बघितलं, माझ्या हातातल्या पाईपकडे बघितलं.

म्हणाली, धरलंय की.

आणि गेली.

मी पाईप बंद केला. मग पुन्हा चालू केला, फाटकाकडचा एक तुकडा राहिला होता.